वह्या-पेन्सिली विकणारा विश्वविजेता

म्युनिक शहरातून इझार नदी वाहते. तिच्या पूर्वेकडच्या काठाला 'आऊ' नावाची जुनी वस्ती आहे. कारागिरांची आणि कामकऱ्यांची वस्ती म्हणून ती एकेकाळी ओळखली जाई. तिथल्या मारियाहिल्फ चर्चच्या पटांगणात वर्षातून तीनदा जत्रा भरते. पाळणे फिरतात, कपबश्या-बरण्यांचा बाजार लागतो आणि सारे म्युनिक तिथे लोटते. नदीकडून या पटांगणाकडे जाणारा रस्ता म्हणजे ओलम्युलर श्ट्रासे. या रस्त्यावर एक लहानसे दुकान होते. वह्या, पेन्सिली, खोडरबर, पाकिटे, वर्तमानपत्रे... कोणत्याही गावात शाळेच्या आसपास असते तसलेच.

१९८० नंतर बरीच वर्षे या दुकानाच्या गल्ल्यामागे जो माणूस उभा राहत असे, तो मोठा अबोल होता. पाच-सात वर्षांच्या गिऱ्हाइकांना त्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या वडिलांना मात्र ते पक्के ठाऊक होते. कारण या दुकानदाराच्या नावावर फुटबॉलचा विश्वचषक होता, युरोपचे अजिंक्यपद होते, आणि क्लबांच्या फुटबॉलमधला सर्वांत मानाचा युरोपियन कप तर त्याने ओळीने तीनदा जिंकला होता.

त्याचे नाव हान्स-गेऑर्ग श्वार्झेनबेक. चाहत्यांचा 'काट्शे'.

हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. फ्रान्झ बेकेनबाउर ठाऊक असतो, गेर्ड म्युलरचे गोल ठाऊक असतात. १९७४ चा पश्चिम जर्मनीचा संघ आठवायला बसले की पाच-सहा नावे भराभर तोंडात येतात. मग गाडी अडते. ज्या नावापाशी ती अडते, ते नाव बहुधा याचेच असते. गवयाला वाहवा मिळते. मागे तानपुरा धरून बसलेल्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असते. पण तानपुरा बेसूर झाला तर मैफलीचे काय होते, हे गाणाऱ्याला विचारावे!

झाडू कुणाच्या हातात?

श्वार्झेनबेकचा जन्म ३ एप्रिल १९४८ चा, म्युनिकमधलाच. युद्ध संपून तीन वर्षे झाली होती. बॉम्बहल्ल्यांनी शहराचे अर्धेअधिक अंग मोडून पडलेले. त्या पडझडीतच लहानाची मोठी झालेली ही पिढी. बेकेनबाउर त्याच्याहून अडीच वर्षांनी मोठा, शेजारच्याच गिझिंग वस्तीतला. काट्शे कोवळ्या वयात बायर्न म्युनिकच्या मुलांच्या संघात दाखल झाला आणि १९६६ मध्ये मुख्य संघात आला.

आज बायर्न म्हटले की पैशाने आणि करंडकांनी ओसंडून वाहणारा क्लब डोळ्यांपुढे येतो. तेव्हा तसे काही नव्हते. पश्चिम जर्मनीत १९६३ साली बुंडेसलीगा ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्या सोळा संघांत बायर्नला जागासुद्धा मिळाली नव्हती. ती मिळाली १९६५ मध्ये. गोलरक्षक सेप मायर, बेकेनबाउर आणि म्युलर ही तीन कोवळी पोरे त्या संघात होती. वर्षभराने आणखी एक पोरगा त्यांना येऊन मिळाला. पुढची दहा-बारा वर्षे या चौघांनी मिळून जे केले, त्याला जर्मन फुटबॉलमध्ये तोड नाही.

काट्शेचे काम काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. त्या काळी बचावाची रीत अशी होती की, बचावफळीतल्या प्रत्येकाला प्रतिपक्षाचा एकेक आघाडीपटू वाटून दिलेला असे. त्याला सावलीसारखे चिकटून राहायचे, तो पाणी प्यायला गेला तरी मागे जायचे. या सगळ्यांच्या पाठीमागे एक गडी मोकळा ठेवत. कुणी निसटलाच तर त्याला गाठायला. या मोकळ्या गड्याला इटालियन भाषेत 'लिबेरो' म्हणतात. इंग्रजीत त्यालाच 'स्वीपर' असे नाव आहे. स्वीपर म्हणजे झाडूवाला. इतरांच्या हातून सांडलेले त्याने झाडून न्यायचे.

बेकेनबाउरने या झाडूवाल्याचा सम्राट करून टाकला. मागे मोकळे उभे राहायचे तर पुढे मोकळे का जाऊ नये, असा त्याचा सवाल होता. मान ताठ, नजर वर, चेंडू जणू बुटाला दोऱ्याने बांधलेला. असा तो मागून निघे आणि मध्यरेषा ओलांडून थेट प्रतिपक्षाच्या अंगणात जाऊन उभा राही. प्रतिस्पर्धी गोंधळून जात. याला अडवायचे कुणी? तो तर कुणाच्याच वाटणीला आलेला नाही! जगभरच्या लेखकांनी या चालीवर रकानेच्या रकाने लिहिले. 'कैसर', म्हणजे सम्राट, हे नाव त्याला चिकटले ते कायमचेच.

पण घराचा मालक असा ऐटीत फिरायला बाहेर पडला की घराचे दार उघडे राहते. ते दार कोण सांभाळणार?

तिथे काट्शे होता. तो खेळे 'फोरश्टॉपर' या जागी, म्हणजे लिबेरोच्या जरा पुढे. प्रतिपक्षाचा सर्वांत धोकादायक मधला आघाडीपटू रोज त्याच्या वाटणीला. तो सांभाळायचाच, शिवाय बेकेनबाउर पुढे निघाला की आपण मागे सरकून त्याची मोकळी पडलेली जागाही भरायची. आणि हे सगळे न बोलता, न विचारता. सम्राट कधी निघणार हे सांगून निघत नसतो. त्याच्या खांद्याची हालचाल, पायाचे वळण पाहून ते ओळखावे लागते. दहा वर्षांहून अधिक काळ काट्शेने ते ओळखले. जर्मन लोकांनी त्याला टोपणनाव दिले, 'कैसरचा सफाईवाला'. म्हणजे झाडूवाला म्हणून नेमलेला होता एक आणि प्रत्यक्षात झाडू होता दुसऱ्याच्याच हातात.

एकत्र कुटुंबात असे दोन भाऊ पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळतात. एक सभा गाजवतो, चार गावांत त्याचे नाव असते. दुसरा शेतावर राबतो. दुसऱ्याने एक दिवस अंग काढून घेतले तर पहिल्याच्या सभांचे काय होईल, हे घरातल्या बायकांना चांगले ठाऊक असते, बाहेरच्यांना नसते.

काट्शेचा खेळ देखणा मात्र नव्हता. हे कबूल करायलाच हवे. तो हाडापेराने मजबूत, धाव काहीशी ताठर. चेंडू मिळाला की दोन पावलांत तो शेजारच्या शहाण्या पायांकडे सोपवायचा, हा त्याचा शिरस्ता. समोरच्याचा पाय आणि चेंडू यांच्यामध्ये तो असा घुसे, की प्रेक्षकांच्या अंगावर काटा यावा. आकडेही तीच कथा सांगतात. बुंडेसलीगात ४१६ सामने, गोल २१. राष्ट्रीय संघातून ४४ सामने आणि गोल एकही नाही.

या आकड्यांकडे पाहून कुणाला वाटेल, हा माणूस गोल करण्याच्या भानगडीत पडतच नसावा. बहुतेक वेळा ते खरेही होते. म्हणून तर १५ मे १९७४ च्या रात्रीला एवढे महत्त्व!

ब्रुसेल्समधली रात्र

युरोपियन कप ही युरोपातल्या देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा. १९५६ पासून तिचा विजेता ठरत आला होता. स्पेनने तो जिंकला, पोर्तुगाल, इटलीने जिंकला, स्कॉटलंड, इंग्लंड, हॉलंडनेही जिंकला. जर्मनीच्या एकाही क्लबला १९७३ पर्यंत तो मिळाला नव्हता.

त्या वर्षीची बायर्नची वाटचालही काही सुखाची नव्हती. पहिल्याच फेरीत ओटविडाबेरी नावाच्या एका छोट्या स्वीडिश गावच्या संघाने त्यांना घाम फोडला. दोन्ही लढती मिळून बरोबरी झाली आणि पेनल्टी किक मारून निकाल लावावा लागला. (त्या स्वीडिश संघातल्या कॉनी टोरस्टेन्सनने बायर्नला इतका त्रास दिला की, बायर्नने त्यालाच विकत घेतले. मोठ्या घरांची ही जुनी रीत!) मग पूर्व जर्मनीच्या ड्रेस्डेनशी गाठ पडली. दोन लढतींत मिळून तेरा गोल झाले आणि बायर्न एका गोलाने सुटले. असे धडपडत, ठेचकाळत ते ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर अंतिम सामन्याला पोहोचले.

समोर होता स्पेनचा अ‍ॅटलेटिको माद्रिद. माद्रिद शहरातला थोरला वाडा म्हणजे रेआल माद्रिद; अ‍ॅटलेटिको हे धाकटे, कष्टकऱ्यांचे घर. त्यांनाही हा कप कधी मिळाला नव्हता. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. ११४ व्या मिनिटाला अ‍ॅटलेटिकोला फ्री किक मिळाली. लुइस अरागोनेसने ती अशी काही वळवून मारली की सेप मायरला जागचे हलता आले नाही. १-०!

उरली सहा मिनिटे. बायर्नचे गडी थकून गेले होते. म्युलरभोवती कडे पडले होते. १२० वे मिनिट लागले. अ‍ॅटलेटिकोच्या राखीव बाकावर जल्लोषाची तयारी चाललेली.

तेवढ्यात बेकेनबाउरने मध्यरेषेच्या पुढे चेंडू आडवा ढकलला काट्शेकडे. वास्तविक अशा वेळी काट्शेने काय करायचे, हे ठरलेले होते. दोन पावले टाकायची आणि चेंडू दुसऱ्याला द्यायचा. त्याने दोन पावले टाकली. समोर कुणी आले नाही. आणखी दोन टाकली. तरी कुणी आले नाही. अ‍ॅटलेटिकोचे बचावपटू बाकीच्या नामांकितांना धरून बसले होते. याच्याकडे कुणी धावून जावे, असा हा माणूस नव्हताच! गोल पंचवीस मीटरांहून दूर. चेंडू द्यावा असे कुणी मोकळे नाही आणि वेळ तर संपलीच आहे.

काट्शेने फटका मारला.

चेंडू फारसा उचलला गेला नाही. पायांच्या गर्दीतून तो जमिनीलगत सणसणत गेला. गोलरक्षक मिगेल रेइनाने अंग टाकले, पण चेंडू त्याच्या हाताबाहेरून खांबालगत आत गेला. १-१! पुन्हा खेळ सुरू होतो न होतो तोच पंचांची शिटी वाजली.

माद्रिदकरांसाठी हा घाव किती खोल होता, याची कल्पना पुढच्या इतिहासावरून येते. 'एल पुपास', म्हणजे सदा कुठे ना कुठे ठेच लागलेला, असे दुर्दैवी नाव अ‍ॅटलेटिकोला चिकटले, ते या रात्रीपासून. पुन्हा या स्पर्धेची अंतिम फेरी गाठायला त्यांना चाळीस वर्षे लागली. २०१४ मध्ये लिस्बनला त्यांनी ती गाठली तेव्हा लुइस अरागोनेसला जाऊन चार महिनेही झाले नव्हते. त्या सामन्यातही ते १-० असे पुढे होते. आणि ९३ व्या मिनिटाला रेआल माद्रिदच्या सेर्हिओ रामोसने डोक्याने चेंडू आत घातला. हादेखील बचावपटूच! पुढे जादा वेळेत अ‍ॅटलेटिकोचा ४-१ असा पराभव झाला. काही घराण्यांच्या पाठी लागलेली साडेसाती साडेसात वर्षांत संपत नाही.

पण १९७४ च्या त्या रात्री अजून काहीच हरले-जिंकलेले नव्हते. आधीच्या फेऱ्यांत बरोबरी झाल्यास पेनल्टी किकने निकाल लागे; अंतिम सामन्यासाठी मात्र नियम वेगळा होता. सामना पुन्हा खेळायचा! दोनच दिवसांनी, १७ मे रोजी, त्याच मैदानावर पुन्हा तेच दोन संघ उतरले. युरोपियन कपच्या इतिहासात अंतिम सामना दुसऱ्यांदा खेळवावा लागला तो एवढाच. या वेळी गर्दी बरीच ओसरली होती आणि अ‍ॅटलेटिकोचे अवसानही. म्युलरने दोन आणि उली हेनेसने दोन असे चार गोल केले. ४-०. युरोपियन कप पहिल्यांदाच जर्मनीत आला.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्याच दिवशी, १८ मे रोजी, बायर्नचा बुंडेसलीगातला शेवटचा सामना होता. साखळीचे विजेतेपद आधीच खिशात पडले होते. रात्रभर जल्लोष केलेली मंडळी म्यन्शनग्लाडबाखच्या मैदानावर उतरली आणि ५-० अशी सपाटून हरली. युरोपच्या विजेत्यांची ही दैना पाहून चाहत्यांनाही बहुधा हसूच आले असेल.

चार गोलांनी कप जिंकला, हे खरे. पण ते चार गोल करायची संधी मिळाली कुणामुळे? म्युलर आणि हेनेस यांचे गोल पुढे शेकड्यांनी मोजले गेले. काट्शेचा मात्र एकच गोल जर्मनीत पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो.

सात आठवड्यांनी विश्वचषक

त्याच वर्षी विश्वचषक पश्चिम जर्मनीतच होता. १९७२ मध्ये याच देशाने युरोपचे अजिंक्यपद मिळवले होते. सोव्हिएत संघाविरुद्धचा तो अंतिम सामनाही ब्रुसेल्सच्या त्याच हायझेलवर झाला होता, आणि काट्शे त्यात होता. त्या आधी वेम्ब्लीवर इंग्लंडला त्यांच्या घरात ३-१ ने हरवले, तेव्हाही होता. त्या वेम्ब्लीच्या सामन्याचे कौतुक जर्मन लोक अजून करतात. ग्युंटर नेट्झर आणि बेकेनबाउर आळीपाळीने मागून धावत सुटायचे, हे त्या खेळाचे वैशिष्ट्य. आळीपाळीने मागे कोण थांबायचे, हा प्रश्न नव्हता. तिथे पाळी एकाचीच असे.

विश्वचषकात पहिल्या फेरीत २२ जून रोजी हँबर्गला सामना झाला तो पूर्व जर्मनीशी. भिंतीने दुभंगलेल्या एका देशाचे दोन तुकडे समोरासमोर! पश्चिमेचा संघ बलाढ्य, पूर्वेचा नवखा. ६८ व्या मिनिटाला प्रशिक्षक हेल्मूट श्योन यांनी काट्शेला बाहेर बोलावून दुसरा बचावपटू आत पाठवला. नऊ मिनिटांनी पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्पारवासरने बचाव भेदून गोल केला आणि तोच निर्णायक ठरला. काट्शे मैदानात असता तर गोल झाला नसता, असे म्हणता येणार नाही. फुटबॉलमध्ये 'असता तर' याला काही अर्थ नसतो. पण त्यानंतर श्योन यांनी काट्शेला बाहेर काढून पाहिले नाही.

पावसाने तळे झालेल्या फ्रँकफर्टच्या मैदानावर पोलंडला १-० ने नमवून पश्चिम जर्मनी अंतिम फेरीत गेला. ७ जुलैला म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर समोर होता हॉलंड. योहान क्रायफचा तो संघ म्हणजे त्या काळचे जिवंत नवल! पहिल्या दोन मिनिटांतच हॉलंडने पेनल्टीवर गोल केला. जर्मनांनी तोवर चेंडूला पायसुद्धा लावला नव्हता. पुढे पॉल ब्राइटनरने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मध्यंतराआधी म्युलरने दुसरा गोल केला. मग उरलेली पंचेचाळीस मिनिटे हॉलंडने जर्मन गोलाभोवती जो धुमाकूळ घातला, तो सोसायचे काम मायर आणि त्याच्यापुढच्या चौघा बचावपटूंचे होते. बेर्टी फोग्ट्स क्रायफला चिकटला होता. काट्शे जिथे आग लागेल तिथे धावत होता. २-१ हा निकाल शेवटपर्यंत टिकला. अकरांपैकी सहा जण बायर्नचे होते.

त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे कळसच. १९७५ मध्ये पॅरिसला लीड्स युनायटेडवर २-०, १९७६ मध्ये ग्लासगोला फ्रान्सच्या सेंट एटियेनवर १-०. तीन वर्षे ओळीने कप जिंकणाऱ्याला तो कायमचा ठेवून घेता येई, म्हणून मूळ करंडक म्युनिकलाच राहिला. १९७६ च्या युरोपियन अजिंक्यपदाचा अंतिम सामना मात्र चेकोस्लोव्हाकियाने पेनल्टीवर हिसकावून घेतला. हेनेसची किक आकाशात गेली आणि पानेंकाने मायरला चकवून चेंडू अलगद मधोमध टाकला, तोच तो सामना.

१९७७ मध्ये बेकेनबाउर न्यूयॉर्कला गेला. पुढच्याच हंगामात बायर्न साखळीत बाराव्या क्रमांकावर घसरले. सम्राटाशिवाय राज्य कसे चालते, ते दिसले. काट्शे राहिला. तो दुसऱ्या कुठल्या क्लबकडून खेळलाच नाही. पुढे टाचेमागची जाड शीर तुटली. धावपळीवर पोट असलेल्या माणसाला याहून वाईट दुखणे नाही. त्यातून पुन्हा पहिल्यासारखे उभे राहणे जमले नाही आणि १९८१ मध्ये त्याने खेळ सोडला. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

दुकानाचे दार

तेहतिसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करायचे? खेळाडूंच्या घरातल्या मंडळींना हा प्रश्न फार आधीपासून कुरतडत असतो. आजच्या खेळाडूंचे मानधन ऐकून वाटेल, यात प्रश्न कसला! पण बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा खेळाडूला बक्षिसांसकट महिन्याला फार तर १२०० मार्क द्यावेत असा नियम होता. पुढे तो सैल होत गेला, आणि सत्तरीच्या दशकात विश्वविजेत्यांना पैसाही बरा मिळाला. तरी खेळाबरोबर एखादा जोडधंदा हाताशी असावा, ही त्या पिढीची शिकवण होती. १९५४ साली जर्मनीला पहिला विश्वचषक मिळवून देणारा कर्णधार फ्रिट्झ वॉल्टर धुलाईचे दुकान आणि सिनेमागृह चालवत असे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

काट्शेच्या नात्यातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया आऊमध्ये वह्या-कागदांचे दुकान चालवत होत्या. ते दुकान त्याने आपल्याकडे घेतले.

त्याचे सवंगडी तोवर कुठकुठे पोहोचले होते, ते पाहिले म्हणजे या निवडीचे वेगळेपण लक्षात येते. हेनेसला गुडघ्याने दगा दिला आणि तो सत्ताविसाव्या वर्षी बायर्नचा व्यवस्थापक झाला. या क्लबला श्रीमंत करण्यात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कुणाचा नसेल. पुढे २०१४ मध्ये करचुकवेगिरीबद्दल त्याला तुरुंगातही जावे लागले. बेकेनबाउर १९९० मध्ये प्रशिक्षक म्हणून विश्वविजेता झाला, २००६ चा विश्वचषक त्याने जर्मनीत आणला, आणि मग त्याच यजमानपदाच्या व्यवहारांवरून त्याच्यामागे चौकशांचा ससेमिरा लागला. स्वित्झर्लंडमधला खटला २०२० मध्ये मुदत संपल्याने निकालाविनाच बारगळला. ७ जानेवारी २०२४ रोजी तो गेला.

आणि म्युलर! ज्याने गोल करायचे आणि करतच राहायचे, असा तो माणूस. अमेरिकेत काही वर्षे खेळून परत आला तेव्हा हातात काम नव्हते, दिवस रिकामे होते. दारूने त्याला धरले. १९९१ च्या सुमारास जुन्या सवंगड्यांनी, त्यातही हेनेसने, पुढाकार घेऊन त्याला उपचारांसाठी नेले. बरा झाल्यावर बायर्नने त्याला तरुण खेळाडूंना शिकवायला ठेवून घेतले. २०२१ मध्ये तो वारला.

म्युलरच्या कथेत गोलांपेक्षा ते रिकामे दिवस जास्त बोलतात. ज्याच्या नावाने साठ-सत्तर हजार माणसे ओरडत होती, त्याला एक दिवस सकाळी उठून कुठे जायचे तेच कळेनासे होते. ही पोकळी मोठी वाईट. काट्शेपाशी सकाळी उघडायला एक दार होते. वर्तमानपत्रांचे गठ्ठे यायचे, ते सोडायचे असत. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत वह्यांची गर्दी असे. त्याला गर्दीच्या ओरड्याची सवय कधी लागलीच नव्हती. दहा वर्षे लोक शेजारच्याच्या नावाने ओरडत होते!

म्हणजे त्याला मिळायला हवे होते तेवढे मिळाले, असे नव्हे. १९७४ च्या विजेत्यांपैकी कुणाकुणाचे पुतळे, कुणाच्या नावाचे रस्ते, कुणाला दूरदर्शनच्या पडद्यावर मानाची खुर्ची. फुटबॉलच्या नव्या पिढीला काट्शे ठाऊक आहे तो त्या एका फटक्यामुळे. चारशे सामन्यांत रोज जे काम त्याने केले ते चित्रफितींत दिसतच नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर पुढे जातो आणि तो मागे असतो. बेकेनबाउर पुढे निघाल्याची जुनी चित्रे पाहताना कधी तरी पडद्याच्या अगदी कडेला, उलट्या दिशेने सरकणारा एक उंच गडी क्षणभर दिसतो. तोच तो.

तो मुलाखती क्वचितच देई. क्लबने त्याला विसरू दिले नाही आणि त्यानेही क्लबचे दार पाठीमागे लावून घेतले नाही. फक्त तो त्या दारातून आत जाई, ते वेगळ्या कामाने. बायर्नचे कार्यालय झेबेनर श्ट्रासेवर आहे, आऊपासून फार लांब नाही. वाढत्या क्लबचा वाढता कारभार; त्याला कागद लागत, पेने लागत, फायली आणि पाकिटे लागत. हा सारा माल क्लब घेत असे तो ओलम्युलर श्ट्रासेवरच्या दुकानातून, आणि काट्शे तो पोहोचता करत असे. ज्या कार्यालयात हेनेस कोट्यवधींचे करार करी, त्या करारांचे कागद जुन्या फोरश्टॉपरच्या दुकानातले असत.

वयोमानाने पुढे त्याने दुकान आवरले. ब्रुसेल्सचा तो चेंडू जाळ्यात गेला त्याला २०२४ मध्ये पन्नास वर्षे झाली. तीनदा जिंकून कायमचा ठेवून घेतलेला कप बायर्नच्या संग्रहालयात काचेआड आहे.